बर्फावरच्या फिश हाउसमध्ये हीटर पहाटे विझतो: तपासणी टाकीपासून सुरू करा

मिनेसोटात दर जानेवारीत मला एकच फोन येतो, बहुधा पहाटे चार ते सहाच्या दरम्यान. "दादा, टाकी भरलेली आहे, तरी हीटर विझतोय." टाकी म्हणजे हीटरला गॅस पुरवणारी प्रोपेनची टाकी. गोठलेल्या तलावावर मासेमारीसाठी ओढून नेतात त्या खोलीला इथे फिश हाउस म्हणतात. माझं चाकांवरचं फिश हाउस मिल लॅक्स तलावावर असतं. तिथे आणि त्याच्या उत्तरेच्या तलावांवर मी हा बिघाड स्वतःचा, मित्रांचा आणि शेजारच्या अनोळखी लोकांचाही निस्तरला आहे. बहुतेक वेळा हीटर निर्दोष निघाला. चूक टाकी निवडण्यात, भरून आणण्यात किंवा जोडण्यात झालेली होती. म्हणून हीटरचं झाकण उघडण्याआधी खालच्या क्रमाने जा.

लक्षणं

आपलं लक्षण यातलं कुठलं आहे ते आधी ठरवा, कारण उपाय त्यावर अवलंबून आहे.

- संध्याकाळी ज्योत उत्तम, मध्यरात्रीनंतर लहान होत जाते, पहाटे विझते. टाकीच्या खालच्या भागावर पांढरं हिम जमलेलं असतं. तासभर बंद ठेवलं की थोडा वेळ पुन्हा चालतो.
- नवी भरलेली टाकी जोडल्या क्षणापासून ज्योत मलूल, शेगडीवरची सुद्धा.
- भट्टीचा पंखा फिरतो, टिकटिक ठिणगी पडते, पेट घेते आणि लगेच जाते. दोन-तीन प्रयत्नांनंतर भट्टी स्वतःला बंद करून घेते.
- भिंतीवरचा किंवा हातात उचलायचा छोटा हीटर अर्ध्या-पाऊण तासाने बंद होतो आणि दार उघडून आत-बाहेर केलं की लगेच पेटतो.
- डोकं दुखतंय, मळमळतंय, पोरं नेहमीपेक्षा सुस्त झाली आहेत.

शेवटचं लक्षण असेल तर पुढे वाचू नका. सगळ्यांना बाहेर काढा, टाकी बाहेरून बंद करा आणि 911 ला फोन करा. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, आणि थंडीने सुस्ती आली असेल असं वाटून माणसं झोपून जातात.

एक: हवा

फुकट आणि एका मिनिटाची तपासणी आहे, म्हणून टाकीच्याही आधी. खोलीच्या आत जळणाऱ्या छोट्या हीटरमध्ये प्राणवायू मोजणारी सोय असते. हवेत प्राणवायू साधारण 21 टक्के असतो. तो 18 टक्क्यांच्या आसपास उतरला की हीटर गॅस तोडतो. दार उघडल्यावर हीटर सुरळीत पेटत असेल तर तो बिघडलेला नाही, त्याने तुम्हाला वाचवलं आहे. वारा आत येऊ नये म्हणून आपण भिंतींच्या कडेने बर्फ लोटतो, आणि नेमकी खालची झरोक्याची जाळी त्यात गाडली जाते. एक झरोका खाली आणि एक वर, दोन्ही मोकळे हवेत. बाहेर धूर सोडणारी भट्टी असेल तर तिच्या धुराड्याचं तोंड रात्रीतून उडालेल्या बर्फाने बुजलं आहे का ते टॉर्च घेऊन बघून या.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरातलाच उचलून आणला असेल तर त्याच्या मागची तापमानाची ओळ वाचा. घरासाठी बनवलेले बरेच अलार्म 4 अंश सेल्सियसच्या खाली चालतील याची हमी देत नाहीत. चाकांवरच्या घरांसाठी बनवलेला, थंडी सोसणारा अलार्म घ्या. इथे पैसे वाचवू नका.

दोन: टाकीत खरंच किती आहे

"टाकी भरलेली आहे" हे वाक्य मी आता वजन केल्याशिवाय मानत नाही. नळीवर बसवायचा काट्याचा गेज गॅसचा दाब दाखवतो, मात्रा नाही. दाब तापमानावर ठरतो, त्यामुळे पाव टाकी आणि पूर्ण टाकी त्या काट्याला सारखीच दिसते.

खरा उपाय बहुतेक मराठी घरांत कपाटात पडलेला असतो: भारतात जाताना बॅगा तोलायचा हाताचा काटा. टाकीच्या वरच्या कड्यावर टीडब्ल्यू ही अक्षरं आणि एक आकडा ठोकलेला असतो. ते रिकाम्या टाकीचं वजन, 20 पौंडी (म्हणजे 20 पौंड गॅस मावणाऱ्या) टाकीसाठी साधारण 17 पौंड. पूर्ण भरलेली टाकी सुमारे 37 पौंड, म्हणजे 17 किलोच्या आत भरते, त्यामुळे 23 किलोच्या बॅगेसाठी घेतलेला काटा तिला आरामात पेलतो. आलेल्या वजनातून ठोकलेला आकडा वजा करा, उरला तो गॅस. हे निघण्याआधी अंगणातच करा, उणे 25 मध्ये काट्याचा पडदा पुसट होतो.

आपल्याकडे आई-आजी सिलेंडरला ओलं फडकं लावून कुठपर्यंत उशिरा वाळतं ते बघत. त्याच तत्त्वावर इथे टाकीवर तांब्याभर गरम पाणी ओतून हात फिरवतात, आत द्रव असतो तिथवर पत्रा थंड लागतो. अंगणात हे ठीक आहे. बर्फावर नको, कारण ते पाणी टाकीच्या बुडाशी गोठतं आणि टाकी जागेला चिकटते.

आता हिशोब. एक पौंड प्रोपेन जळून सुमारे 21,500 बीटीयू उष्णता देतं. ताशी 20,000 बीटीयूची भट्टी न थांबता चालली तर 20 पौंड गॅस सुमारे 21 तास पुरतो. पण गॅस स्टेशनबाहेरच्या पिंजऱ्यातून बदलून आणलेल्या टाकीत बऱ्याचदा 15 पौंडच भरलेले असतात, लेबलवर तसं लिहिलेलंही असतं. ते 16 तासांत संपतात. शनिवारी दुपारी दोनला पेटवलेली भट्टी रविवारी सकाळी सहाला जाते. मला येणाऱ्या फोनांपैकी कितीतरी या पाच पौंडांचेच असतात.

तीन: व्हॉल्व्ह घाईने उघडला का

नवी टाकी, पहिल्यापासून मंद ज्योत, हे लक्षण असेल तर बहुधा हेच कारण. आजच्या टाकीला जोडायच्या मोठ्या प्लास्टिकच्या नटमध्ये जादा प्रवाह रोखणारी सोय असते. नळी तुटली तर सगळा गॅस एकदम बाहेर येऊ नये म्हणून ती आहे. शेगडीचं किंवा हीटरचं बटण आधीच चालू असेल आणि तुम्ही टाकीची मूठ झटक्यात उघडलीत, तर तिला वाटतं नळी फुटली. मग ती गॅस अगदी बारीक करून टाकते.

आतली सगळी बटणं बंद करा. टाकी बंद करा. नट सोडवा, मिनिटभर थांबा, पुन्हा हाताने घट्ट बसवा. आता टाकीची मूठ अगदी सावकाश उघडा, पाव फेरा, थांबा, मग पूर्ण. त्यानंतरच हीटर. जाड हातमोजे घालून हे करताना नट तिरका बसतो, म्हणून नट बसवण्यापुरता एक हातमोजा काढा आणि लगेच घाला.

चार: गळती

घरी आपण साबणाचा फेस लावतो. उणे तापमानात फेस लावता लावताच गोठतो आणि बुडबुडा दिसतच नाही. थंडीत न गोठणारं गळती शोधायचं द्रावण बाटलीत मिळतं, ते पेटीत ठेवा. टाकीच्या तोंडातली रबरी कडी आकसली, चिरली असेल तर टाकीच बदला, त्यावर टेप गुंडाळू नका.

वासावर पूर्ण भिस्त नको. गॅसला मुद्दाम घाण वास दिलेला असतो खरा, पण गारठलेल्या, वाहणाऱ्या नाकाला तो उशिरा कळतो. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतं. ते जमिनीलगत, खालच्या बाकांखाली साठतं, जिथे पोरं झोपतात. त्यामुळे गॅसगळतीचा अलार्म जमिनीजवळ लावा.

पाच: रेग्युलेटर

रेग्युलेटरच्या गोल चकतीवर एक बारीक भोक असतं, त्यातून तो श्वास घेतो. त्यावर बर्फ बसला की दाब भरकटतो. भोक खाली तोंड करून असलं पाहिजे आणि रेग्युलेटरवर झाकण पाहिजे. प्रवासात ट्रकच्या चाकांनी उडवलेला मिठाचा चिखल तिथेच जाऊन गोठतो.

दुसरा प्रकार आतला. टाकीत ओल असेल तर गॅस रेग्युलेटरच्या छोट्या छिद्रातून फाकताना एकदम थंड होतो आणि तीच ओल तिथे बर्फाचा खडा बनते. वाट बुजते, थोड्या वेळाने वितळते, पुन्हा बुजते. अशी टाकी ओळखायला सोपी: दुसऱ्या टाकीवर तोच हीटर नीट चालतो. नवी कोरी टाकी पहिल्यांदा भरताना आतली हवा आणि ओल काढून टाकायला हवी. भरणाऱ्याला तसं स्पष्ट सांगा, "नवी आहे." ओल गोठू नये म्हणून टाकीत मेथॅनॉल घालायचं काम त्याचं, तुमचं नाही.

तात्पुरता उपाय म्हणून टाकी बंद करा आणि थर्मासमधल्या कोमट पाण्यात पिळलेलं फडकं रेग्युलेटरवर धरा, मग कोरडं पुसा. टॉर्चची ज्योत, हीट गन, शेगडीवरची सळई, काहीही धरू नका. मी एकाला लायटर हातात घेऊन रेग्युलेटरपाशी ओणवा झालेला पाहिलं आहे आणि त्याचा हात ओढून बाजूला केला आहे.

सहा: टाकी थंडीला कमी पडते आहे

आता मूळ दुखणं. वरचं सगळं ठीक असूनही हीटर पहाटे जातो, तेव्हा नव्वद टक्के वेळा मी इथे येऊन पोहोचतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टाकीत प्रोपेन द्रव असतं. हीटर जाळतो तो वरचा वायू. वायू ओढला की द्रव उकळून नवा वायू बनतो, आणि उकळायला लागणारी उष्णता टाकी आपल्या पत्र्यातून बाहेरच्या हवेतून घेते. उणे 42 अंश सेल्सियसला प्रोपेनचं उकळणं थांबतं. पण त्रास त्याच्या बराच आधी सुरू होतो. 21 अंशांना टाकीत सुमारे 125 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब असतो, उणे 18 ला तो 25 च्या आसपास येतो, उणे 29 ला जेमतेम 12. दोन टप्प्यांच्या रेग्युलेटरचा पहिला टप्पा साधारण 10 पीएसआयवर काम करतो. म्हणजे हाताशी जवळजवळ काहीच उरत नाही. त्यात हीटर वायू ओढतोय तसा आतला द्रव बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होत जातो. टाकीच्या पोटावर दिसणारं हिम म्हणजे तीच थंडी, आणि हिमाची वरची रेघ म्हणजे द्रवाची पातळी.

पहाटच का? रात्रीतली सर्वांत कडक थंडी तेव्हा असते, भट्टी अखंड चालू असते, आणि टाकी अर्ध्याखाली आलेली असते. द्रव जेवढा कमी, तेवढा उष्णता घेणारा पत्रा कमी. तिन्ही गोष्टी एकाच तासाला येतात.

इथे आपली एक जुनी सवय घात करते. भारतात शेवटचा गॅस निघावा म्हणून सिलेंडर आडवा करणारी, गरम पाण्याच्या परातीत ठेवणारी घरं मी लहानपणी पाहिली आहेत. तिथल्या गॅसमध्ये ब्युटेनही असतं, आणि ते शून्याच्या आसपासच उकळायचं थांबतं. इथल्या टाकीत निदान 90 टक्के प्रोपेन असतं. टाकी आडवी केलीत तर वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो, आणि हीटरला फुटभर ज्योत लागू शकते. टाकी कायम उभी, पट्ट्याने बांधलेली.

गोधडीत गुंडाळू नका. टाकीला स्वतःची ऊब नसते, ती बाहेरून घेते, गोधडी तीच वाट बंद करते. बर्फातही गाडू नका. फळीवर ठेवा, चारी बाजूंनी हवा खेळू द्या. आणि "आत ठेवली की गारठत नाही" म्हणून फिश हाउसच्या आत कधीही आणू नका. ही चूक मी तीन वेगवेगळ्या घरांत पाहिली आहे, तिन्ही वेळा आत लहान मुलं झोपलेली होती.

मग करायचं काय? या क्षणी: भट्टी कमी तापमानावर आणा, शेगडी आणि दिवा बंद करा, दुसरी टाकी असेल तर ती लावा. कायमचं: टाकी मोठी घ्या किंवा दोन टाक्यांतून एकाच वेळी ओढा. एक टाकी संपली की आपोआप दुसरीवर जाणारा रेग्युलेटर सोयीचा असतो, पण तो एका वेळी एकाच टाकीवर भार टाकतो. उणे 20 च्या खाली मी दोन्ही टाक्या जोडनळीने एकत्र उघडतो, भार वाटला जातो आणि कुठलीच टाकी फार गारठत नाही. अर्धी झालेली टाकी कडाक्याच्या रात्रीला लावू नका. संध्याकाळी भरलेली लावा आणि अर्धी दुसऱ्या दिवशी दुपारी संपवा.

टाकी निवडताना आणि भरताना

चाकांवरच्या घरासाठी माझी पसंती दोन 30 पौंडी पोलादी टाक्यांना. 20 पौंडी चालतात, पण दोन हव्यातच. ॲल्युमिनियमची हलकी आणि न गंजणारी, फक्त महाग. फायबरची पारदर्शक टाकी उन्हाळ्यात सुरेख, पातळी डोळ्यांना दिसते. पण तिच्या भिंतीतून उष्णता कमी पोहोचते, त्यामुळे बर्फावर मी ती नेत नाही. तंबूत, स्लेडवर सामान ओढत जाणाऱ्यांना 11 पौंडी टाकी पुरते. एक पौंडाचे हिरवे डबे तासा-दोन तासांच्या सोबतीला ठीक. फेकून द्यायचे ते डबे मोठ्या टाकीवरून पुन्हा भरायची यंत्रं मिळतात, पण असा भरलेला डबा गाडीतून नेणं अमेरिकेत संघीय कायद्याने गुन्हा आहे, डब्यावरच छापलेलं असतं. त्या डब्याची झडप पुन्हा पुन्हा वापरायला बनवलेलीच नसते.

बदलून घेण्यापेक्षा भरून घेणं मला पटतं. कारण वर आलंच, पाच पौंड. शिवाय आपली टाकी आपल्याला माहीत असते. कड्यावर महिना-वर्ष ठोकलेलं असतं, समजा 03-14, तर मार्च 2014. बारा वर्षांनी फेरतपासणीचा शिक्का लागतो, नाहीतर भरून मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. मूठ तिकोनी आहे ना पाहा. ती अतिभरण रोखणाऱ्या व्हॉल्व्हची खूण, 2002 पासून या आकाराच्या टाक्या त्याशिवाय भरत नाहीत.

भरताना तिथे उभे राहा. भरणारा बाजूचा छोटा स्क्रू सैल करतो, आधी नुसती हवेसारखी सुरसुर येते. टाकी 80 टक्क्यांवर पोहोचली की त्यातून एकदम पांढरी फवार उडते, आणि त्याच क्षणी त्याने थांबायला हवं. उरलेली 20 टक्के जागा फुगायला ठेवलेली असते. उणे 25 मध्ये काठोकाठ भरलेली टाकी उबदार गॅरेजमध्ये आणली तर द्रव फुगून सुरक्षा झडप उघडते आणि गॅस गॅरेजभर पसरतो. म्हणून टाकी गॅरेजमध्ये ठेवायचीच नाही, भरलेली नाही आणि रिकामीही नाही. 20 पौंडी रिकाम्या टाकीत सुमारे 4.7 गॅलन मावतात. पावतीवर त्याहून बरंच जास्त दिसलं तर तिथेच विचारा आणि टाकी तोला.

सात: नळी आणि हीटरचं तोंड

छोट्या हीटरला लांब नळीने मोठी टाकी जोडली असेल आणि नळीवर रेग्युलेटर नसेल, तर रबरातला तेलकट अंश गॅसबरोबर सरकत हीटरच्या सुईएवढ्या छिद्रात बसतो. त्यासाठी फिल्टर मिळतो, दर मोसमाला बदला. भट्टी उन्हाळाभर उभी राहिली असेल तर बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं असू शकतं. गॅस बंद करून बाहेरून हवेचा फवारा मारा. छिद्रात तार घालू नका, ते रुंद झालं की ज्योत कायमची बिघडते.

इथे थांबा

यापुढचं काम प्रोपेनच्या परवानाधारक माणसाचं. भट्टीच्या आतला गॅस व्हॉल्व्ह, रेग्युलेटरचा दाब बदलणं, तांब्याच्या नळीचे सांधे, हे मी स्वतःही करत नाही. भट्टीला 11 इंच पाण्याचा दाब लागतो, तो मॅनोमीटर (दाब मोजायचं साधन) लावूनच कळतो. ज्योत पिवळी राहून भिंतीवर काजळी धरत असेल, नट घट्ट करूनही वास येत असेल, अलार्म एकदा जरी वाजला असेल, टाकीला पोचा पडला असेल किंवा ती खोल गंजली असेल, रेग्युलेटर पाण्यात बुडाला असेल, तर टाकी बंद करून घरी परत या. मासे पुढच्या शनिवारीही असतील.

त्या माणसाला फोन करताना चार गोष्टी हाताशी ठेवा: टाकीच्या कड्याचा फोटो, टाकीचं वजन, त्या वेळचं बाहेरचं तापमान, आणि पेटवल्यापासून किती वेळाने विझला. दुसऱ्या टाकीवर लावून पाहिलं होतं का, हेही तो विचारेल.